उसने कान

बंगळूरमध्ये गाण्याची टंचाई कधीच नव्हती. बेंगळूर गायन समाज 1905 सालचा. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी उत्सव 1939 पासून भरतो, आणि महिनाभर चालणाऱ्या त्या मैफलींना सबंध दक्षिणेत मान आहे. तिथून पाच-सहा किलोमीटरवर, ब्रिगेड रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत, रॉक ऐकणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या मुरल्या आहेत. रोलिंग स्टोन्स 2003 मध्ये, आयर्न मेडन 2007 मध्ये आणि मेटालिका 2011 मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. त्याच पॅलेस ग्राउंड्सवर 2005 मध्ये सी. अश्वथ यांचा 'कन्नडवे सत्य' हा भावगीतांचा कार्यक्रम झाला आणि त्यालाही अफाट गर्दी लोटली. मैदान एकच, पण या गर्दींत सामाईक माणसं किती असतील? मोजली कुणीच नाहीत, तरी शहराचा इतिहास पाहता फार नसावीत. जुनी पेठ आणि 1809 नंतर वसलेली इंग्रजांची छावणी ही बंगळूरची दोन अंगं. मध्ये कब्बन पार्क, आणि 1949 पर्यंत दोन्हीकडच्या नगरपालिकाही वेगळ्या. महापालिका एक झाली, कान मात्र आपापल्या हद्दीत राहिले.

या प्रकरणाचा मुद्दा इथूनच निघतो. वेगळं संगीत जवळ असणं, स्वस्त असणं, अगदी फुकट असणं यांपैकी कशानेही आवड रुंदावत नाही. आज सगळ्या जगाचं संगीत खिशातल्या फोनवर आहे, आणि बहुतेक जण तरी तीच चाळीस-पन्नास गाणी फिरवून फिरवून ऐकतात. आवड रुंदावते ती ओळखीच्या माणसाने, स्वतःच्या नावावर, एक अख्खा अल्बम किंवा एक अख्खी मैफल आपल्या हाती दिली की. थोडक्यात, दुसऱ्याचे कान काही काळ उसने घ्यावे लागतात. हे भाबडं वाटेल, पण त्यामागे बऱ्यापैकी भक्कम कारणं आहेत.

पहिलं कारण कानाच्या स्वभावात आहे. 1968 मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना निरर्थक शब्द, चिनी वळणाच्या अपरिचित खुणा आणि अनोळखी चेहरे कमी-अधिक वेळा दाखवले. जे अधिक वेळा दिसलं ते लोकांना अधिक बरं वाटलं, मग त्याचा अर्थ कळो न कळो. संगीतालाही हे लागू पडतं. मर्यादा इतकीच की अति झालं की कंटाळा येतो. 2016 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक अभ्यास याच्याही पुढे जातो. बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे स्वरमेळ आणि खुपणारे स्वरमेळ ऐकवले, तेव्हा त्यांनी दोन्ही सारखेच पसंत केले. म्हणजे ज्याला आपण कानाचा उपजत कौल समजतो, त्यातला पुष्कळ भाग सवयीचा असतो. यावरून निघणारा निष्कर्ष अडचणीचा आहे: नव्या संगीताबद्दल पहिल्या ऐकण्यात झालेलं मत सर्वांत कमी भरवशाचं असतं, आणि व्यवहारात निकाल लागतो तो त्याच मताने. फोनवर पुढचं गाणं एका बोटाच्या अंतरावर असतं. कर्नाटक मैफलीतला गमकांनी भरलेला आलाप किंवा मेटलमधली भरडी गिटार दहा सेकंदांत नापास होते. दुसऱ्या, तिसऱ्या ऐकण्यापर्यंत आपल्याला थांबवून धरायला काहीतरी लागतं. ज्याची पारख आपल्याला माहीत आहे, त्याचा शब्द आपल्याला तेवढं थांबवतो. 'याला आवडलंय म्हणजे यात काहीतरी असणार, मलाच अजून सापडलेलं नाही' एवढी शंका मनात आली तरी काम भागतं.

पण दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबणं म्हणजे मेंढरांसारखं मागे जाणं नव्हे का? हा आक्षेप हलका नाही, आणि त्याच्या बाजूने एक गाजलेला प्रयोगही आहे. मॅथ्यू सालगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. चौदा हजारांवर लोकांना अप्रसिद्ध बँडांची 48 गाणी ऐकायला आणि हवी ती उतरवून घ्यायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांची आठ वेगळी 'जगं' केली होती आणि प्रत्येक जगात आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवलं याचा आकडा दिसे. आकडा दिसताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली. आणि कोणतं गाणं वर जाईल याचा नेम राहिला नाही: एकच गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. हा प्रयोग शिफारशीविरुद्धचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण त्यात शिफारस होती कुठे? होता तो नुसता आकडा. तो आकडा कुणाचा, त्या लोकांना काय आवडलं, का आवडलं, याचा पत्ता नाही. आकड्याला उलट विचारता येत नाही, आणि चुकला तरी त्याची अब्रू जात नाही. मित्राने दिलेला अल्बम भिकार निघाला तर पुढच्या भेटीत त्याला ते ऐकून घ्यावं लागतं. या जोखमीमुळेच तो विचार करून देतो. टॉप टेन यादी आणि ओळखीच्याची शिफारस या दोन गोष्टी एका पंक्तीला बसवणं ही मूळ चूक आहे.

दुसरा आक्षेप आजचा: ओळखीच्याचं ज्ञान ते किती, गणकयंत्राला तर कोट्यवधी गाणी ठाऊक. खरं आहे. पण यंत्राचं काम काय ते नीट पाहिलं पाहिजे. तुम्ही गाणं अर्ध्यात सोडू नये, हे त्याचं उद्दिष्ट. म्हणून ते तुमच्या आवडीच्या शेजारचं, फार तर शेजारच्या शेजारचं देतं. स्पॉटिफायच्याच संशोधकांनी टोरांटोच्या अ‍ॅश्टन अँडरसनबरोबर 2020 मध्ये मांडलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. यंत्राने सुचवलेलं ऐकण्यात वैविध्य कमी आढळलं, आणि ज्यांचं ऐकणं कालांतराने विविध झालं ते स्वतः शोधून ऐकण्याकडे वळलेले होते. याने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. चौकस माणसं मुळातच यंत्रावर कमी अवलंबून राहत असतील. तरी यंत्र आपोआप कान रुंदावेल ही आशा धरायला या आकडेवारीत आधार नाही. माणूस उडी मारायला लावतो, कारण त्याला तुमच्या गाण्यांपेक्षा तुमची ओळख अधिक असते. तुम्हाला तबल्याची तिहाई आली की अंगावर काटा येतो, हे त्याने पाहिलेलं असतं.

मग सरकारने किंवा जाणकारांनीच लोकांना चांगलं ऐकवावं की! हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे, आणि करणारा माणूस मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना कात्री लावली. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, असंही ठरलं; निर्मात्यांशी बिनसलं आणि सिनेगीतं रेडिओवरून जवळजवळ गायब झाली. श्रोत्यांनी त्यामुळे धृपद-ख्याल ऐकायला सुरुवात केली नाही. त्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली, जिथे त्याच वर्षाअखेर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढून सरकारला सिनेगीतं परत आणावी लागली. केसकरांची इथे टिंगल होते तेवढी त्यांची दुसरी बाजू सांगितली जात नाही. त्यांच्याच काळात, 20 जुलै 1952 ला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक कलावंत त्यातून देशभर पोचले; उत्तरेतल्या किती घरांत कर्नाटक गायन पहिल्यांदा शिरलं ते या कार्यक्रमामुळेच. एकाच माणसाचा एक डाव फसला, दुसरा रुजला. फरक असा की पहिल्यात त्यांनी लोकांच्या हातचं काढून घेतलं, दुसऱ्यात हातात काहीतरी जास्तीचं ठेवलं. शिफारस करणाऱ्याने हा फरक गाठीला बांधावा. 'तू ऐकतोस ते टाकाऊ' अशी सुरुवात झाली की पुढचा अल्बम कितीही थोर असो, तो उघडलाच जात नाही.

इथे कुणी विचारेल की गाणं चालत नाही का, अल्बमच कशाला? गाणं चालतं, पण ते एकटं असतं. त्याच्यावरून आवडीची दिशा कळत नाही. उदाहरण म्हणून 1976 साली आलेला 'शक्ती' घ्या. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला, आर. राघवन यांचा मृदंगम आणि विक्कू विनायकराम यांचा घटम. प्रत्यक्ष मैफलीतच ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये फक्त तीन रचना आहेत. पहिली अठरा मिनिटांच्या आसपास, तिसरी जवळजवळ अर्ध्या तासाची. ब्रिगेड रोडच्या बाजूचा, महाविष्णू ऑर्केस्ट्रामुळे मॅक्लॉफ्लिनला मानणारा श्रोता हा अल्बम गिटारसाठी लावतो. पहिल्या वेळी त्याला वेगाशिवाय काही हाती लागत नाही. पण अर्धा तास एकच रचना चालली की कान गिटारवरून घसरून दुसरीकडे जातोच, आणि मग त्याला एक मातीचा आवाज ऐकू येऊ लागतो. विनायकराम घट मांडीवर घेऊन, त्याचं तोंड पोटाशी धरून, ते किंचित जवळ-दूर करत त्यातून खर्ज काढतात. गळ्यावर आणि अंगावर बोटं पडतात ते नाद निराळे. तीन मिनिटांच्या तुकड्यात हे लक्षात यायला सवडच नसते.

आता या श्रोत्याला कुणीतरी सांगावं की हाच घटम चामराजपेठेत, रामनवमीच्या मांडवात ऐकायला मिळतो. कर्नाटक मैफलीत मुख्य कृती झाली की तालवाद्यांची स्वतंत्र फेरी येते, तिला तनी आवर्तनम म्हणतात. नेमक्या याच वेळी जुने-जाणते श्रोतेसुद्धा उठून कॉफीला जातात, ही दक्षिणेतली जुनी तक्रार आहे, आणि रास्त आहे. पण शिफारस करणारा जाणकार असेल तर तो सांगतो, 'तनीला उठू नकोस, शेजारी बसलेल्या आजोबांच्या हाताकडे बघ.' आजोबा आदितालाचं आवर्तन मोजत असतात: मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. झाल्या आठ मात्रा. एवढं हाताला आलं की मृदंगम आणि घटम यांची सवालजबाबाची चढाओढ, ती हळूहळू आखूड होत जाणं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एका जागी उतरणं, हे सगळं गणित न शिकता पकडता येतं. रॉक ऐकणाऱ्याला लयीची भूक आधीपासून असतेच; राग कळण्याची वाट पाहायला नको. 'कर्नाटक संगीत ऐक' या सल्ल्यात आणि 'आजोबांचा हात बघ' या सल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला सल्ला बरोबर असूनही कुचकामी.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना म्हण आली असेल: एक ना धड, भाराभर चिंध्या. आपल्याकडे घराण्याची शिस्त कडक. वर्षानुवर्षं एकाच गुरूचा आवाज कानात घोळवायचा, दुसऱ्याचं ऐकून गळा बिघडवून घ्यायचा नाही. शिकणाऱ्याच्या ठरावीक वर्षांपुरती ही शिस्त योग्यच आहे, पण ती श्रोत्यावर लादण्याचं कारण नाही, आणि घराण्यांचा इतिहासही तसा नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, म्हैसूर दरबारी गाऊन आले, आणि तिकडचं संगीत त्यांनी असं ऐकलं की त्यागराजांची खरहरप्रिया रागातली एक कृती ध्वनिमुद्रित करून ठेवली. किराण्याच्या गायकीतल्या सरगमेवर कर्नाटक पद्धतीची छाया आहे, हे जाणकार मानत आले आहेत. पंडित भातखंडे 1904 मध्ये दक्षिणेत फिरले, तिथल्या पंडितांशी त्यांनी वाद घातले, पुष्कळ गोष्टी त्यांना पटल्या नाहीत. पण व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची पद्धत पाहून आल्यावरच हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी झाली. दुसऱ्याचं ऐकलं म्हणून दोघांनीही आपलं सोडलं नाही. चिंध्या होतात त्या ऐकण्याच्या रुंदीमुळे नव्हे, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबण्यामुळे. वयाचं कारणही असंच. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी 1989 मध्ये दाखवलं की वयाच्या 23-24 व्या वर्षाच्या आसपास गाजत असलेली गाणी माणसाला जन्मभर जास्त प्रिय राहतात. त्यावरून 'आता या वयात नवं काय ऐकणार' असं म्हणणं म्हणजे पहिलं प्रेम विसरत नाही म्हणून नवी ओळखच करून न घेणं.

सर्वांत टोचणारा आक्षेप मात्र समाजशास्त्रज्ञांचा आहे, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या पाहण्यांच्या आधारे दाखवलं की वरच्या थरातल्या लोकांची खूण आता 'फक्त अभिजात' ही उरलेली नाही. 'आम्ही सगळं ऐकतो' ही नवी खूण झाली आहे. म्हणजे रुंद आवड हाही मिरवायचा दागिना. बंगळूरच्या आयटी मंडळींत याची प्रचिती सहज येते: आइसलंडचा बँड माहीत असतो, पण रिक्षावाल्याच्या रेडिओवर कोण गातंय ते माहीत नसतं. बहुधा डॉ. राजकुमार गात असतात. 'जीवन चैत्र' या चित्रपटातल्या 'नादमय' या गाण्यासाठी त्यांना 1992 चा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि ही काही नटाला दिलेली खिरापत नव्हती. राजकुमार आले गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून. 1884 साली निघालेल्या या कंपनीत नटाला गाता यावंच लागे. बालगंधर्वांच्या भूमिका आणि पदं यांवर पोसलेल्या मराठी घराला राजकुमारांचं गाणं परकं वाटण्याचं खरं तर कारणच नाही; कुणी या बाजूने ओळख करून दिली नाही, इतकंच. आवड खरी रुंदावली आहे की नुसती सजली आहे, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे: शिफारस घेताना तुम्ही वरच बघता, की आजूबाजूला आणि खालीही बघता?

बंगळूरमधल्या मराठी माणसाची गोची अशी की त्याच्या शिफारशी बहुतेक मराठीच माणसांकडून येतात. दिवाळी पहाट झाली, नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. त्यात वाईट काहीच नाही, पण शेजारचं दार बंद राहतं. आणि ते दार उघडायला सर्वांत सोपं आहे. द. रा. बेंद्र्यांची मातृभाषा मराठी. त्यांच्या कन्नड कविता भावगीतं होऊन घरोघर गेल्या. के. एस. निसार अहमद यांच्या कवितांची, म्हैसूर अनंतस्वामींनी स्वरबद्ध केलेली 'नित्योत्सव' ही कॅसेट 1978 ची. एक कवी, एक संगीतकार, वाद्यं मोजकी, शब्द स्वच्छ: गजानन वाटवे आणि अरुण दाते ऐकलेल्या कानाला या ठेवणीची ओळख करून द्यावीच लागत नाही. तिथून सी. अश्वथांपर्यंत, शिशुनाळ शरीफांच्या पदांपर्यंत, आणि तीच पदं 2008 च्या पहिल्या अल्बममध्ये गिटारवर गाणाऱ्या रघू दीक्षितपर्यंत वाट सरळ जाते. पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' भीमसेन जोशींच्या आवाजात मराठी घरांतही पोचलेलं आहे. तेच पद कर्नाटक गायकांकडून, बहुधा मध्यमावती रागात, लागोपाठ ऐकलं तर दोन पद्धतींतला फरक जितका कळतो तितका व्याख्यानाने कळणार नाही.

तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कन्नड सहकाऱ्याला 'चांगली कन्नड गाणी पाठव' असं सांगू नका. तो वीस दुवे पाठवेल आणि तुम्ही एकही उघडणार नाही. 'तुमच्या घरी झिजेपर्यंत वाजलेली कॅसेट कोणती?' असं विचारा. एकच नाव घ्या, त्यात नेमकं कुठे कान द्यायचा ते त्याच्याकडूनच काढून घ्या, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. बदल्यात तुम्हीही एकच अल्बम द्या, का देताय ते दोन वाक्यांत सांगून. त्याचं नाही आवडलं तर स्पष्ट सांगा, भीड ठेवू नका. फक्त ते तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर सांगा.